इंगळेबाईचं लुगडं

अवकाळी पाऊस येऊन गेला आणि रामरावच्या वावरातला फुटलेला कापूस पऱ्हाटीवरच भिजून लोंबला. भिजलेला कापूस बोंडातून सरळ निघत नाही. ओढला तर अर्धा हातात येतो, अर्धा वाळलेल्या बोंडाच्या नख्यांना चिकटून राहतो, वर नखीचं टोक बोटात शिरतं ते वेगळंच. मैनाबाई कमरेला फडकं बांधून ओळीनं पुढं सरकत होती. बाकीच्या बाया वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून पावसाला शिव्या देत होत्या. शिव्यांनी कापूस वाळत नाही असं मैनाबाईचं मत होतं, पण ती ते बोलून दाखवत नसे. बोललं की बाया म्हणत, तुझं काय बाई, तुला परदेशातून येतं.

येत होतं हे खरंच होतं. मैनाबाईचा नवरा जिनिंगवर हमाल होता. रुईची गाठ ढकलता ढकलता त्याच्या छातीत कळ आली, तो खाली बसला आणि परत उठला नाही. त्याच वर्षी पांढरकवड्याच्या एका संस्थेनं नवरा नसलेल्या बायांची नावं घेतली आणि एकेकीला परदेशातली एकेक बाई जोडून दिली. तिकडच्या बाईनं आपल्या कमाईतून इकडच्या बाईला हात द्यायचा, अशी ती योजना होती. मैनाबाईच्या वाट्याला नॉर्वे नावाच्या देशातली एक म्हातारी आली. तिचं नाव इंग्रिड. ते काही मैनाबाईच्या जिभेवर बसेना. ती आधी इंगरी म्हणायची, मग इंगळी म्हणायला लागली. इंगळी म्हणजे विंचू, असं काय म्हणतेस, म्हणून लेकीनं टोकलं, तेव्हा ती इंगळेबाई झाली. गावात इंगळे आडनावाची घरं होतीच, त्यामुळं सगळ्यांनाच ते सोपं गेलं.

इंगळेबाई काही श्रीमंत नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबून ती घरी बसलेली होती, आणि अशा बसलेल्या बाईनं आफ्रिकेतली एक बाई धरली होती, मैनाबाईला धरलं होतं, आणि तिच्या स्वतःच्याच गावात दारुड्या नवऱ्याला सोडून आलेल्या एका बाईला ती रोज गरम जेवण नेऊन देत होती. संस्थेच्या अर्पिता मॅडमनी हे सांगितलं, तेव्हा मैनाबाईला ते रोजचं जेवण सगळ्यात मोठं वाटलं. तिच्याकडं इंगळेबाईच्या पैशातून दोन शेळ्या आल्या, त्यांची पिल्लं झाली, वर टिनाचं छप्पर झालं, आणि लेक निकिता पांढरकवड्याच्या कॉलेजात जायला लागली.

पण मैनाबाईच्या लेखी या सगळ्याच्या आधी शाल होती.

त्या भागात बाईचा नवरा गेला की तेराव्या दिवशी, तेरवीला, तिच्या माहेरची माणसं लुगडं आणतात. चारचौघींसमोर ते तिच्या अंगावर घालतात आणि तिला उठवून पुन्हा चुलीपाशी नेतात. हिला मागं अजून कुणी आहे, हे त्यातून सगळ्यांना कळतं. मैनाबाईचा भाऊ देवराव बाभुळगावच्या बाजूला राहायचा. बापाच्या वावरावरचा हक्क सोड, सही दे, असं तो म्हणत होता आणि मैनाबाई देत नव्हती. त्यातच तिचा नवरा मेला. देवराव मातीला येऊन गेला, तेरवीला आला नाही. त्याची बायको बिजलीबाई तिकडं काय बोलली तेही मैनाबाईच्या कानावर आलं. सही देत नाही तं लुगडं कायले न्याचं, असं ती म्हणाली होती. दुपारपर्यंत वाट पाहून चुलत सासूनं पेटी उघडली आणि डांबरगोळीच्या वासाचं एक जुनं लुगडं काढून मैनाबाईच्या अंगावर टाकलं. बाया अशा वेळी आपल्या माणसांची नावं घेऊन हेल काढतात. माह्या भाऊराया व, माह्या बाबा व. मैनाबाईला कुणाचं नाव घ्यावं ते समजेना. ती तोंड मिटून रडली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत परदेशी पाहुणे संस्थेत आले. त्यांच्या बॅगेतून मैनाबाईसाठी एक राखाडी रंगाची लोकरीची शाल निघाली. अर्पिता मॅडम म्हणाल्या, तुमच्या बहिणीनं स्वतः विणून पाठवलीय. संस्थेत तिकडच्या सगळ्याच बायांना बहीण म्हणायची रीत होती. मॅडमसाठी तो शब्द तेवढ्यापुरताच होता. मैनाबाईनं तो घरी आणला. भाऊ आला नाही, पण बहिणीनं दुखवटा पाठवला, असं तिनं धरलं. वैशाखातलं ऊन, पाखरं सावलीला चोच वासून बसलेली, आणि मैनाबाई ती लोकरीची शाल डोक्यावरून घेऊन संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिली. मान आणि पाठ घामोळ्यांनी भरून गेली. लोक हसले. चुलत सासूही हसली. मैनाबाई उठली नाही.

आता रामरावच्या वावरात ती हे काही आठवत नव्हती. तिला संध्याकाळच्या मापाची काळजी होती. रामरावनं ओला कापूस काट्यावर घ्यायला नकार दिला. वजनात पाणी जातं, आधी वाळवा, मग मोजू, असं तो म्हणाला. म्हणजे वेचाई तर वेचाई, वर त्याच्याच अंगणात कापूस पसरून उलटापालटा करायचा, तोही फुकट. बायांनी तोंडं वाकडी केली आणि पसरायला घेतला. ढगाळलेलं होतं, ऊन येई आणि जाई. मैनाबाईची बोटं सुजली होती.

तिथंच अर्पिता मॅडम स्कूटीवरून आल्या. वर्षातून एकदा त्या फोटो काढून तिकडं पाठवत. शेळ्यांबरोबर काढू की कापसात, असा त्यांचा विचार चालला होता. शेवटी कापसातच काढायचं ठरलं. मैनाबाई पदर नीट करून उभी राहिली. मॅडमनी मोबाइल धरला आणि म्हणाल्या, जरा हसा हो मावशी, यावर्षी हसरा फोटो पाठवू त्यांना, सप्टेंबरपासून बिचाऱ्या एकट्याच आहेत, मिस्टर गेले ना त्यांचे.

मैनाबाईचे हात खाली आले.

"कोन गेलं?"

मॅडमनी सांगितलं. बरेच दिवस आजारी होते, गेले. सांगायचं राहून गेलं, असंही त्या म्हणाल्या.

"मले काहून नाही सांगतलं?" मैनाबाई म्हणाली. "तिचा नवरा मेला अन् मी इकडं दिवाळीत अनारसे तळून राह्यली. तिनं काय म्हनलं असन मले?"

अर्पिता मॅडम समजुतीनं बोलू लागल्या. त्यांना काही वाटणार नाही, तिकडं तसं नसतं, असं पुष्कळ बोलल्या. फोटो काही हसरा आला नाही. मैनाबाई घरी गेली, थंड पाण्यानं डोक्यावरून सुतकाची अंघोळ केली आणि ओल्या केसांनी ओट्यावर बसली. रात्रीच्या भाकरीतला एक तुकडा तिनं कावळ्यासाठी टिनावर ठेवला. मेलेल्या माणसाचं नाव काय म्हणून तिनं लेकीला विचारलं. निकितालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मैनाबाईनं वेचाईचा एक वाटा बाजूला काढायला सुरुवात केली. निकितानं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की लुगडं घ्यायचं आहे. निकिता शिकलेली. तिनं आईला समजावून सांगितलं की ती देणगी देणारी बाई आहे, बहीण हे नुसतं म्हणायचं असतं.

"नुसतं म्हनाचं असते तं म्हनाव कायले?" मैनाबाई म्हणाली आणि चुलीत काटक्या सारायला लागली.

पांढरकवड्याच्या बाजारात अब्दुल गनीचं कापडाचं दुकान होतं. म्हातारा गिऱ्हाइकाचं तोंड पाहून थान काढायचा. मैनाबाईनं दुखवट्याचं आहे म्हटल्यावर त्यानं भडक रंगांचे गठ्ठे आपणहून मागं सारले आणि बाई गोरी की सावळी ते विचारलं. मैनाबाई म्हणाली, गोरी, फार गोरी. उंचीला कशी, असं त्यानं विचारल्यावर ती जरा अडली, कारण इंगळेबाई तिनं फोटोतच पाहिली होती. पण त्या फोटोत ती दारातून वाकून निघताना दिसत होती. मग म्हातारा म्हणाला, तर मोठ्या पन्ह्याचंच घ्या, साधं घोट्याच्या वर राहील. त्यानं मातकट रंगाचं, बारीक काठाचं सुती लुगडं काढलं. मैनाबाईनं पदर हातावर पसरून पाहिला, काठाचं सूत ओढून पाहिलं, नाकाशी नेऊन कोऱ्या कापडाचा वास घेतला. बाई कुठली, म्हणून अब्दुल गनीनं सहज विचारलं. परदेशात असते म्हटल्यावर त्यानं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि वर प्लॅस्टिकची दुसरी पिशवी घातली, वाटेत भिजू नये म्हणून.

तेच लुगडं घेऊन ती संस्थेत गेली. बाहेरच्या बाकावर बसली. अर्पिता मॅडम पिशवी घेऊन आतल्या साहेबांकडं गेल्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता, मग हसण्याचा आला. मॅडम पिशवी परत घेऊनच बाहेर आल्या. देणगीदारांना वस्तू पाठवता येत नाहीत, त्यांचा पत्ताही देता येत नाही, तो नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेबांची एक सूचना होती. मैनाबाईंनी ते लुगडं हातात धरावं, फोटो काढू, तो पाठवू, त्यांना आवडेल.

मैनाबाईनं पिशवी परत घेतली.

"फोटोतून लुगडं नेसवता येते का मॅडम?" एवढंच ती म्हणाली. ते तिनं भांडायला विचारलं नव्हतं. येत असेल तर बरं, असं तिला खरंच वाटलं होतं. अर्पिता मॅडमचा चेहरा उतरला. त्या तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि नियम त्यांनी केलेला नाही असं दोनदा म्हणाल्या. मैनाबाईला त्यांची कीव आली.

घरी येऊन तिनं लुगडं पेटीत शालीवर ठेवलं. पुढं कितीतरी दिवस पेटी उघडली की तिला लाज वाटायची. शेळ्यांना पाला टाकताना वाटायची, छपराकडं पाहताना वाटायची. आपल्याला जे मिळालं नव्हतं ते जिनं दिलं, तिच्या वेळेला आपण पोचलो नाही. देवराव आणि आपल्यात मग काय फरक राहिला, असं तिच्या मनात यायचं.

ऊन पडायला लागलं, कापूस वाळला, मोजून झाला. दुसरी वेचणी सुरू झाली आणि देवराव गेल्याचा निरोप आला. लिव्हर खराब झालं होतं, वर्षभर दवाखाने चालू होते हे मैनाबाईला माहीत होतं. ती भेटायला गेली नव्हती. मातीला गेली, स्मशानाकडं गेलेली माणसं परत येईपर्यंत थांबली आणि पाण्याचा घोट न घेता परतली. बिजलीबाईशी ती बोलली नाही.

तेरवीला जायचं की नाही यावर मायलेकीत बोलणं झालं. निकिता म्हणाली, ते लुगडं पडूनच आहे, मामीला ने. मैनाबाईनं साफ नाही म्हटलं. एक तर ते इंगळेबाईचं होतं. दुसरं, नणदेचं लुगडं चालत नाही, नणद सासरच्या बाजूची. आणि तिसरं कारण तिनं सांगितलं नाही, ते निकिताला ठाऊक होतं.

थंडी होती म्हणून मैनाबाईनं राखाडी शाल पांघरली. पिशवी निकितानं भरून दिली. यवतमाळच्या स्टँडवर गाडी बदलताना मैनाबाईनं भाकर काढायला पिशवीत हात घातला, तर भाकरीखाली प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीतलं लुगडं. तिनं लेकीला मनातल्या मनात बोल लावले. परत पाठवायला कुणी नव्हतं. तिनं भाकर खाल्ली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

देवरावच्या अंगणात मांडव घातला होता. बाप्ये बाहेर बसले होते, बाया घरात. बिजलीबाई कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. ती लहानखुरी बाई, आता आणखीच लहान दिसत होती. तिचे मायबाप लहानपणीच गेले होते. ज्या मामानं वाढवलं तोही मागं वारला, आणि त्याच्या पोरांनी निरोपाला उत्तर दिलं नव्हतं. बायांचं कुजबुजणं चाललं होतं. हिच्या माहेरचं कोणी येते का? कोन येईन, हाय कोन? तरी रीत म्हणून सगळ्या दाराकडं पाहत होत्या.

मैनाबाई भिंतीला टेकून बसली होती. हे असं व्हावं, असं तिनं मनात म्हटलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं होतं. वेचताना नखी बोटात शिरली की म्हटलं होतं. बिजलीबाईच्या दारात कुणी येऊ नये आणि ते आपण बसून पाहावं. आता ती बसून पाहत होती आणि तिला काही गोड लागत नव्हतं.

ऊन ओट्यावरून उतरलं. एक म्हातारी, देवरावची चुलती, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आतल्या खोलीत गेली. पेटीची कडी वाजली. झाकण उघडल्याबरोबर डांबरगोळीचा वास बाहेर आला. बिजलीबाईनं तो वास ओळखला नसेल. मैनाबाईनं ओळखला. तिची मान आणि पाठ एकदम घामेजली, थंडीचे दिवस असून.

ती उठली. पिशवीतून लुगडं काढलं, घडी मोडली आणि बिजलीबाईच्या समोर जाऊन उभी राहिली.

चुलती जुनं लुगडं हातात घेऊन दारातच थांबली. "मैने, तुहं नाही चालत व," ती म्हणाली. "तू नणद. माहेरचं लागते."

"माहं नाही हे," मैनाबाई म्हणाली. "हे हिच्या माहेरचं हाय. हिची बहीण हाय एक, इंगळेबाई. तिचं हाय."

बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. बिजलीबाईला बहीण असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बिजलीबाईनं स्वतःही ऐकलं नव्हतं. तिनं मान वर करून मैनाबाईकडं पाहिलं.

"कोनत्या गावचे इंगळे?" चुलतीनं विचारलं.

"लांबचे हायत."

"मंग थे स्वतः काहून नाही आली?"

"तिच्याही घरी तेच झालं हाय," मैनाबाई म्हणाली. "तिचाही नवरा गेला. तिले येता येत नाही, म्हनून मी आनलं."

दुःखाच्या घरातून बाईला निघता येत नाही, हे तिथं बसलेल्या सगळ्यांनाच मान्य होतं. चुलतीनं हातातलं जुनं लुगडं काखेत धरलं आणि वाट दिली.

मैनाबाईनं लुगडं बिजलीबाईच्या डोक्यावरून घातलं. कोरं कापड होतं, त्याच्या घड्या लवकर बसेनात. बिजलीबाई कापडाखाली हलली नाही. ती अजून मैनाबाईकडंच पाहत होती, आणि मैनाबाईला वाटलं आता ही बोलणार, मला नाही कुणी इंगळे, असं म्हणणार. मग तिनं लुगड्याचा काठ दोन्ही मुठींत धरला आणि हेल काढला.

"इंगळेताई व... माह्या इंगळेताई व... एवढ्या लांबून आठवन केली व माह्या बाई..."

घर भरून गेलं. एकेक करत बाया रडायला लागल्या, आणि ज्यांना कोण इंगळेताई ते माहीत नव्हतं त्याही तिचं नाव घेऊन रडल्या.

मैनाबाईनं बिजलीबाईला धरलं. तीन वर्षं मिटलेलं तिचं तोंड उघडलं आणि तीही मोठ्यानं रडली. ते भावासाठी होतं, की स्वतःच्या नवऱ्यासाठी, की इंगळेबाईच्या त्या नाव माहीत नसलेल्या नवऱ्यासाठी, हे तिनं शोधलं नाही. राखाडी शाल तिच्या खांद्यावरून घसरून खाली पडली.

मग सगळ्याजणींनी बिजलीबाईला उठवून उभं केलं. लुगडं उंच बाईच्या मापानं घेतलेलं, ते तिला लांब होत होतं आणि पायात येत होतं. मैनाबाईनं रडता रडताच खाली वाकून त्याचा काठ उचलून धरला, आणि दोघी तशाच चुलीपर्यंत गेल्या.